आबांच्या जागी

आबा गेल्या आषाढात गेले. वय ९४. आजार म्हणावा असा काही नव्हता. सकाळी ओट्यावरच्या बाजेवर बसून त्यांनी चहा घेतला, कपाशीची कोळपणी कोणत्या शेतापासून सुरू करायची ते माझ्या अडुसष्ट वर्षांच्या थोरल्या काकांना बजावले आणि दुपारी काका जेवायला उठवायला गेले तेव्हा ते उठले नाहीत. कापूस कधी विकायचा, कोणाची सोयरीक कोठे करायची, कोणत्या नातवाने कोणत्या कॉलेजात जायचे, हे सगळे त्या बाजेवरून ठरत असे आणि ठरलेले मोडण्याची आमच्या घरात कोणाची प्राज्ञा नव्हती.

माघ जवळ आला तशी एक पंचाईत झाली. महाशिवरात्रीला संत मुक्ताईच्या समाधीच्या गावी, कोथळीला, पोहोचणाऱ्या आमच्या दिंडीत टाळकऱ्यांच्या दुसऱ्या ओळीत डाव्या कडेची जागा १९५२ पासून आबांची होती. पायी चालणे त्यांनी ८६ व्या वर्षी सोडले; त्यानंतर ते एस.टी.ने थेट जाऊन दिंडीला तेथे मिळत, पण वाटेवरची ती जागा कोणी भरत नसे. यंदा तेथे घरातले कोणीतरी असावे, असा निरोप आला. काकांचे गुडघे, वडिलांची साखर, भावाचे खताचे दुकान, अशी एकेकाची कारणे निघत गेली आणि शेवटी सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले, कारण माझी रजा शिल्लक होती. मी निघाले ती भक्तीने नव्हे, हे येथे लिहून ठेवते.

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावापासून कोथळी सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. वारीच्या वर्णनात आबा नेहमी जेवणाविषयीच बोलत: पाळधीला कोणी कळण्याची भाकरी वाढली, जळगावच्या अलीकडे कोणाच्या मळ्यातले भरीत पऱ्हाट्यांवर कसे भाजले होते, १९७३ च्या माघात दुष्काळामुळे मिलो ज्वारीच्या लाल भाकरी बांधून अकराच माणसे कशी निघाली होती. लहानपणी आम्ही विचारायचो, आबा, पाय दुखत नाहीत का? त्यावर उत्तर ठरलेले असे: "पायले काय व्हस? मुक्ताई उचली लई जास." आम्हांला ते खरेच वाटे. आबा बोलले म्हणजे खरेच, असा घराचा नियम होता.

धरणगाव, पाळधी, गिरणेचा पूल, जळगाव, नशिराबाद, हे दिवस आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. आठवतो तो पहाटेचा काकडा, महामार्गावरच्या ट्रकांचे भोंगे, मुक्कामाच्या शाळेतली थंड फरशी, आणि पंगतीत दर वेळी माझ्या पुढ्यात येऊन संपणारी भाजी. स्पीकरची गाडी माझ्या कानाशीच का चालते, हा प्रश्न मी तीन दिवस मनात घोळवला. आबांचा टाळ माझ्या हातात होता. त्याची दोरी त्यांच्या रुंद पंजाच्या मापाची असल्यामुळे माझी बोटे तिच्यात सैल पडत आणि ठेका अर्धी मात्रा मागे राही. ती आखूड करून घेण्याचे मात्र मला सुचले नाही, किंवा सुचूनही मी तसे केले नाही.

भुसावळ सोडले की दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसू लागतात आणि मग दिसतच राहतात. तासभर चाललो तरी ती तेवढीच दूर असतात. त्या दिवशी ऊन असे होते की माघ आहे की चैत्र, ते कळू नये. माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते आणि नाशिकहून मुद्दाम आणलेले महागडे बूट प्रत्येक पावलाला ते चिरडत होते. दिंडी पुढे गेली, हरिपाठाचा आवाज विरळ होत होत ट्रकांत बुडाला, आणि मी रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली बसून रडले. दुःखाने नव्हे, रागाने. आबांवर, काकांच्या गुडघ्यांवर, आणि खरे सांगायचे तर मुक्ताईवरही.

शेजारच्या खळ्यात एक बाई हरभरा बडवत होती. साठीची असावी. तिने काठी ठेवली, माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि हाक मारली, "ये वं माय, इकडे सावलीत ये. पाय दाखव." मी संकोचले. तिने माझी वाट न पाहता स्वतःच बुटाचे बंद सोडले, मोजा हळूच उलटवला आणि फोड पाहून जिभेने चक् केले. घागरीतल्या पाण्याने तिने माझे पाय धुतले. परक्या बाईने आपले पाय धुवावेत याची मला इतकी लाज वाटली की मी दोनदा पाय मागे ओढला, आणि दोन्ही वेळा तिने घोटा धरून तो पुन्हा मांडीवर घेतला. मग कनवटीच्या पिशवीतून सुई काढली, पांढरा सुती दोरा ओवला, तो तेल-हळदीत बुडवून घेतला आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढला. दोन्ही बाजूंना बोटबोट दोरा ठेवून तिने तो दाताने तोडला. "ओढू नको. पाणी आपसूक झिरपंल. घरी गेल्यावर काढजो." दुसऱ्या टाचेलाही तसेच केले. झोपडीतून मुलाच्या निळ्या रबरी चपला आणून दिल्या आणि माझे बूट बंदांची गाठ मारून माझ्याच गळ्यात अडकवले.

मी तिला आबांविषयी सांगू लागले. पासष्ट वर्षांत ते या रस्त्याने किती वेळा गेले, कसे उंच होते, कसा पांढरा पटका बांधत. तिने ओळखावे, एवढीच माझी अपेक्षा होती. "येतात वं माय, लई येतात," ती म्हणाली आणि पुन्हा काठी उचलली. पैसे पुढे केले तर तिने ते पाहिलेसुद्धा नाहीत. टाळ मात्र मागून घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, वाजव जरा. मी वाजवला. "हात बसला नाही अजून," असे म्हणून ती हसली.

तेवढ्यात मला शोधत विणेकरी बाबा मागे आले. दोरे पाहून ते मटकन खाली बसले आणि हसू आवरेनात. आबांचे फोड दर वर्षी याच टापूत फुटायचे, म्हणाले. एखादे झाड गाठून ते बसत, टाचा समोर धरत आणि अठरा वर्षांच्या पोरीसाठी म्हाताऱ्याने किती चालायचे, असे मुक्ताईलाच खडसावून विचारत. सुई-दोरा विणेकरी बाबांच्याच झोळीत असे. घरी बोलायचे नाही, असे आबांनी सगळ्या दिंडीला बजावले होते.

म्हणजे पासष्ट वर्षे ते आमच्याशी खोटे बोलले! वरणगावपर्यंत मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत गेले. ज्यांच्यापुढे आम्ही कोणी कधी वर मान केली नाही, ते आबा वर्षातून एकदा, शके १२१९ मध्ये तापीकाठी विजेच्या लोळात गुप्त झालेल्या एका मुलीपुढे जाऊन कुरकुर करत होते. आणि ती तरी कोण, तर थोरल्या भावाला ताटी उघडायला लावणारी आणि चौदाशे वर्षांच्या चांगदेवांना शिष्य करून घेणारी. त्यांना ऐकवू शकेल असे आमच्या घरात कोणी नव्हते, म्हणून ते तिच्याकडे जात असावेत. रात्री हरिपाठाला उभी राहिले तेव्हा टाळ ठेक्यात पडत होता. तो कधी पडू लागला, ते मला कळले नाही.

चांगदेवचा संगम झाला, कोथळीचे दर्शन झाले. रांग साडेचार तासांची होती. कोथळीशेजारच्या एदलाबादचे मुक्ताईनगर झाले तरी आबांनी ते नवे नाव कधी उच्चारले नाही; परतीच्या एस.टी.त कंडक्टरने कोठून बसलात असे विचारले, तेव्हा माझ्या तोंडून एदलाबादच निघाले.

घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. पाय कसे आहेत, असे काकांनी विचारले आणि मी म्हणाले, काही नाही झाले. आजी चुलीजवळ होती. तिला आता फारसे दिसत नाही. ती उठली, मिठाच्या कोमट पाण्याचे घमेले घेऊन माझ्यासमोर पाटावर बसली आणि काही न विचारता माझा डावा पाय मांडीवर घेऊन टाचेवरून बोटे फिरवू लागली. बोटे दोऱ्यापाशी थांबली.

"त्यांचा पण डावाच राहून जायचा," ती हळूच म्हणाली, काकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू. दोरा ओढून तिने पदराच्या टोकात ठेवला. "उजवा दे."