तुम्ही विचारलंत म्हणून: जीन्स सोडून चिकटण्यावर का बसलात?

प्रत्येक सेमिनारनंतर कोणीतरी विचारतंच. मॅडम, गर्भातल्या पेशीचा स्नायू होतो तो मायोडीसारख्या जीन्समुळे, हे १९८७ पासून माहितीये, मग ती पेशी खाली कशाला चिकटली आणि आतले अ‍ॅक्टिनचे धागे (पेशीला आकार आणि ताण देणारं प्रोटीन) कसे ताणले गेले हेच इतकी वर्षं का बघत बसलात? परवा एका मुलाने "म्हणजे गोंदावरचं संशोधन ना" असं म्हटलं. तिथे हसले, घरी येऊन चिडले. तर एकदाच लिहून टाकते.

पीएचडीचं तिसरं वर्ष. ११ दिवसांच्या कोंबडीच्या गर्भाच्या छातीतून मायोब्लास्ट, म्हणजे पुढे स्नायू होणाऱ्या पेशी, काढायचे आणि कल्चरमध्ये, म्हणजे डिशमध्ये, वाढवायचे. मी एका प्रोटीनच्या मागे होते, नाव सांगत नाही कारण त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता. त्याचा अँटिसेन्स (ते प्रोटीन बनूच न देणारा तुकडा) घातला की मायोब्लास्ट एकमेकांत मिसळायचेच नाहीत, गोल गोल, एकेकटे, काही तर मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, तरंगायचे, आणि कंट्रोलच्या डिशमध्ये मात्र चौथ्या दिवशी लांबच लांब मायोट्यूब, म्हणजे मायोब्लास्ट मिसळून झालेले स्नायूतंतू, आत रांगेने न्यूक्लियस, मधूनच एखादी फडफडतेय. सात महिने हेच. पोस्टर झालं, गाइडनी पेपर लिहायला घेतला, मी तर डोक्यात थीसिसचं शेवटचं प्रकरणही लिहून टाकलं होतं.

मग एका ज्युनिअरने सहज विचारलं, ताई, खालच्या शेल्फवरच्या डिश कोट कोण करतं?

कोणीच नाही. अँटिसेन्सच्या डिश मी वेगळं स्टिकर लावून खाली ठेवायचे आणि कोलॅजनचं, म्हणजे पेशींना धरायला लागणाऱ्या प्रोटीनचं, कोटिंग करणारा मुलगा फक्त वरच्या शेल्फच्या करायचा. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोन दिवस मी त्याच्यावरच ढकललं, हेही सांगून टाकते. कंट्रोल होता की! होता, पण वेगळ्या शेल्फवर. आणि खरं म्हणजे मला जे दिसायला हवं होतं तेच दिसत होतं म्हणून मी खाली वाकून बघितलंच नाही.

उलटसुलट करून पाहिलं. कोटिंगवर अँटिसेन्सवाल्या पेशी मजेत मिसळल्या, कोऱ्या प्लास्टिकवर साध्या पेशीही गोल राहिल्या. पेपर गेला. गाइड म्हणाले, मेल्या असतील त्या. तेवढ्यावर सोडून द्यायला हवं होतं, पण रागारागाने मी त्या गोल, तरंगणाऱ्या पेशी गोळा केल्या आणि कोलॅजनवर टाकल्या. तिसऱ्या दिवशी मायोट्यूब. म्हणजे काय व्हायचंय हे त्यांना माहीत होतं, पाय टेकायला जागा नव्हती म्हणून थांबल्या होत्या.

यात नवीन काही नव्हतं हे नंतर वाचून कळलं (आधी वाचायला हवं होतं, मान्य). हाउश्का आणि कोनिग्सबर्ग यांनी कोलॅजनचं १९६६ मध्येच दाखवलं होतं. आणि ज्या १९८७ च्या मायोडीचे दाखले तुम्ही मला देता, त्याच वर्षी मेन्को आणि बॉटिगर यांनी इंटिग्रिन, म्हणजे पेशीचा बाहेरच्या जाळ्याला धरणारा हात, अँटिबॉडीने अडवला, तर मायोब्लास्ट नुसते विभागत राहिले, स्नायू झाले नाहीत, आणि अँटिबॉडी काढली की झाले. फळमाशीत तर इंटिग्रिन बिघडलं की स्नायू टोकाकडून सुटून गोळा होतात, त्या म्युटंटचं नावच मायोस्फेरॉइड.

तेव्हाची मी यावर भांडेल. म्हणेल, मायोडी आणि त्याचंच भावंड जीन मायएफ-५ दोन्ही काढलेल्या उंदरात स्नायूच बनत नाहीत, तिथे काय चिकटवणार? बरोबर आहे तिचं. मी म्हणेन, मायोडी घालून ज्या फायब्रोब्लास्टचे (एरवी स्नायू न होणाऱ्या पेशींचे) स्नायू केले तेही डिशला चिकटलेलेच होते ना. ती म्हणेल हा पळपुटेपणा आहे. असेलही. कारण अडचणीही आहेत: इंटिग्रिन अडवलं तर पेशी विभागत राहतात, पण दाट मीडियात, कशालाही न चिकटता, लटकवून ठेवल्या तर विभागणंच थांबतं आणि मायोडीचं प्रमाणही उतरतं, मग चिकटणं नेमकं काय सांगतं? एंग्लर वगैरेंच्या २००४ च्या कामात मायोट्यूब काचेवरही बनल्या, मऊ जेलवरही, पण सार्कोमिअरचे (स्नायूच्या आकुंचन पावणाऱ्या एककांचे) पट्टे दिसले ते स्नायूइतक्याच, साधारण १२ किलोपास्कल ताठ असलेल्या जेलवर. काचेवर पट्टे नाहीत, पण काचेवरच्या मायोट्यूबच्या पाठीवर दुसरी मायोट्यूब चढली की तिच्यात आहेत! हे वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती. म्हणजे नुसतं धरणं पुरत नाही, धरलेली गोष्ट किती ओढू देते तेही आलं, पण ते होतं मिसळून झाल्यावर, आणि माझ्या पेशी तर त्याच्या आधीच अडल्या होत्या.

गोंदवाल्या मुलाला काल सहा डिश दिल्यात. तीन कोट केलेल्या, तीन कोऱ्या, नंबर मी घातलेत, सगळ्या एकाच शेल्फवर आहेत आणि कुठली कुठली ते त्याला सांगितलेलं नाही. मोजून झाल्या नाहीत अजून.