मापाची खुर्ची

आमच्या संस्थेत व्हीलचेअर गठ्ठ्याने येतात, सगळ्या एकाच मापाच्या. वाटपाचा कार्यक्रम होतो, फोटो निघतात. सेरेब्रल पाल्सीच्या (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल बिघडलेल्या) मुलाला अशी खुर्ची देणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा देणं, हे मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून बैठकांमध्ये सांगत आलेय. सगळे माना डोलावतात.

परवा आठ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन एक आई आली. मागून वडील खुर्ची ढकलत होते, कोरी करकरीत. "मॅडम, ही परत घ्या. यात तो घसरतो, रडतो. दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल." तक्रारीचा सूर नव्हता, उलट ओशाळल्या होत्या. चुकीची वस्तू आम्ही दिली आणि लाज त्यांना वाटली, हे मला अजून सलतंय.

जीएमएफसीएस हे अशा मुलांच्या हालचालींच्या क्षमतेचं पाच पातळ्यांचं वर्गीकरण. हे मूल त्यातल्या पाचव्या, सर्वांत गंभीर पातळीचं, म्हणजे मान आणि धड स्वतःहून सावरू न शकणारं. खुर्चीची सीट कापडी. झोळीत बसवलं की मांड्या आत वळतात, गुडघे एकमेकांवर चढतात, कंबर मागे कलंडते आणि मूल पुढे घसरतं. मग अंग ताठतं, मान मागे पडते. तशा मानेने भरवलं तर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती. शिवाय या पातळीच्या मुलांत खुबा जागेवरून सरकण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या घरात आहे. मेंदूची इजा वाढत नाही, पण वाढत्या वयात सांधे बिघडत जातात.

आम्ही नेहमी कंबरेपासून सुरुवात करतो. ती स्थिर झाल्याशिवाय मान धरायला गेलात तर सगळं फुकट. मापं घेतली: कंबरेची रुंदी, पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंतचं अंतर (त्यातून दोन बोटं वजा), गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची. वर्कशॉपमधल्या काकांनी प्लायवूडची बैठक कापली, वर घट्ट फोम, दोन्ही बाजूंना आधार, मांड्यांमध्ये छोटा उंचवटा. बेल्ट पोटावर नव्हे, मांडी आणि कंबरेच्या सांध्यावर तिरपा. पावलं फळीवर टेकली. हे काका पगारपत्रकात 'मदतनीस' आहेत. माझ्या मते संस्थेतला सर्वांत कुशल माणूस तोच.

मुलाची मूठ सैलावली. हात ट्रेवर आपटला, आवाज झाला, तो थांबला आणि मग मुद्दाम आपटला. शेजारच्या खोलीतून हिशेबनीस बघायला येईपर्यंत त्याचं बडवणं चालू होतं. आई म्हणाली, "भरवताना याचा चेहरा मला दिसतच नाही, आडवा मांडीवर असतो ना."

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये व्हीलचेअर-सेवेच्या आठ पायऱ्या आहेत. तपासणी, बसवून बघणं, शिकवणं, शेवटी पाठपुरावा आणि दुरुस्ती. आमचा कार्यक्रम खुर्ची हातात पडली की संपतो.

मी लिहून दिलंय, मापाशिवाय एकही खुर्ची बाहेर जाऊ नये. विश्वस्तांचं म्हणणं, देणगीदार दुखावला तर जे मिळतं तेही जाईल. विश्वस्त तळमळीचे आहेत, आणि वाटपाच्या यादीतली ज्यांचं धड सावरतं अशी मुलं या साध्या खुर्चीतही नीट बसतात, हे खरंच. म्हणून मला सरसकट नकारही देववत नाही.

या मुलाला काही महिन्यांनी परत बोलावलंय. तोवर फोम दबेल, मांड्या लांबतील, बैठक नव्याने कापावी लागेल. तो खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, हे येत्या बैठकीत विचारणार आहे.