हायवेच्या अलीकडे एक, पलीकडे एक

बॉम्बे रेस्टॉरंट चौकात हवेतले बारीक कण मोजणारा एकच सेन्सर टांगून साताऱ्याची हवा कळत नाही. पुणे-बेंगळुरू हायवेच्या एका अंगाला गोडोली, दुसऱ्या अंगाला कोडोली आणि एमआयडीसी. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा धूर कोडोलीकडे नेतो, वारा फिरला की उलटं. मोजायचा असतो तो दोन बाजूंतला फरक. म्हणून सेन्सर जोडीनं लावायचे, हायवेपासून सारख्या अंतरावर. शिवाय एक सेन्सर हायवेपासून दोन-तीनशे मीटर आत हवाच, नाहीतर गावभरचा धूरही हायवेच्या खात्यावर पडतो.

सामान फार लागत नाही: कण मोजणारा पीएमएस5003 सेन्सर, आकडे वायफायनं पाठवणारा ईएसपी8266 बोर्ड, आर्द्रतेसाठी बीएमई280, मोबाईलचा चांगला चार्जर. सेन्सरच्या पंख्याला 5 व्होल्टच लागतात, बोर्डाच्या 3.3 व्होल्टच्या पिनवर तो नीट फिरत नाही. लांबलचक स्वस्त यूएसबी वायरनंही व्होल्टेज पडतं, पंखा मंदावतो आणि आकडे बिघडतात. बोर्डाला 2.4 गिगाहर्ट्झचंच वायफाय चालतं. लाईट गेली की मधली नोंद कोरी राहते. ती अंदाजानं भरू नका. सेन्सर चालू झाल्यावर पहिली 30 सेकंदं सोडून द्या.

डबा प्लास्टिकचा, तोंड खाली. हवा आत यायची आणि बाहेर जायची वाट वेगळी ठेवा, नाहीतर सेन्सर आपलीच सोडलेली हवा पुन्हा ओढतो. तोंडाला डासांची जाळी लावा, कापड नको, ते धुळीनं बुजतं. जाळीवर कोळी घर करतात. महिन्याला मऊ ब्रश फिरवायचा.

उंची अडीच-तीन मीटर. जागा बघताना शेजारी पाण्याचा बंब कुठं पेटतो ते आधी विचारा. सकाळी सहाला आकडा उसळला तर दोष ट्रकचा नसतो, बंबातल्या लाकडांचा असतो. उसाच्या हंगामात पाचट पेटवलं तर दोन्ही बाजू एकदम चढतात. एकच बाजू चढली तर हायवेकडे बघा.

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे लावण्याआधी सगळे सेन्सर दोन आठवडे एकाच गच्चीवर शेजारी-शेजारी चालवणं. तासाच्या सरासऱ्या ताडून बघा. एखादा कायम दहा टक्के जास्त दाखवत असेल तर त्याचे आकडे 1.1 नं भागायचे. हे टाळलं तर पुढं दिसणारा फरक हवेतला की यंत्रांतला, ते सांगताच येणार नाही.

आर्द्रता 80 टक्क्यांवर गेली की कण ओलाव्यानं फुगतात आणि आकडा वाढीव येतो, धुक्यात तर थेंबही कण म्हणून मोजले जातात; ते तास बाजूला काढा. सर्व्हिस रोडची जाड धूळ हा सेन्सर नीट पकडत नाही, तेव्हा पीएम10 चा (10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) रकाना आमच्या मते सरळ झाकून ठेवावा.

पीएम2.5 ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमची मर्यादा 24 तासांच्या सरासरीसाठी आहे. सकाळी आठचा 140 दाखवून नगरपालिकेत भांडू नका. दोन्ही बाजूंचे महिन्याभराचे तासवार आकडे न्या, सोबत वाऱ्याच्या दिशेची नोंद.