स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत?

आज भाचीचा एकच उद्योग चालला होता. स्वतःच्या तळपायाला गुदगुल्या करायच्या आणि हसू येतंय का बघायचं. येत नाही! मी लांबून नुसतं बोट हलवलं तरी मात्र ही लोळायला लागते. "मावशी, असं का गं?"

हात हलवायचा हुकूम सुटतो तेव्हाच आता काय जाणवणार याचा अंदाज मेंदू बांधून ठेवतो. यात लहान मेंदूचा मोठा वाटा. अंदाज बरोबर निघाला की त्या स्पर्शाची धार बोथट केली जाते.

मेंदूशास्त्रज्ञ सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली हात आणि स्पर्श यांच्यामध्ये यंत्र ठेवून हे तपासलं. यंत्र चालवणारा माणूस स्वतःच, पण स्पर्श सेकंदाच्या पाचव्या भागाइतका उशिरा पोचवला, तर गुदगुल्या जास्त जाणवायला लागल्या. एवढ्याशा उशिरानेही मेंदूला आपला हात परका वाटू लागतो म्हणजे कमालच!

स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात भास होणाऱ्या काही रुग्णांना तर स्वतःचा स्पर्शही दुसऱ्याच्या स्पर्शाइतकाच तीव्र वाटतो. हे अर्थात भाचीला सांगितलं नाही. तिचा प्रयोग अजून सुरूच आहे, आता पिसाने.