उस्कुदारची उधारीची वही

रमजानचा तिसरा आठवडा. इफ्तारला पाऊण तास उरला होता आणि घरातली अंडी संपली होती, म्हणून इस्तंबूलच्या उस्कुदार भागातल्या आमच्या गल्लीतल्या बक्कालकडे धावले. बक्काल म्हणजे आपला किराणावाला. माझ्यापुढे एक गृहस्थ उभे होते. करडा कोट, हातात पिशवी नाही, काही नाही. त्यांनी विचारलं, "वेरेसियेची वही आहे का?"

वेरेसिये म्हणजे उधारी. मला वाटलं, बाकी भरायला आले असतील. बक्कालने गल्ल्याखालून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. गृहस्थ म्हणाले, "पहिली दोन पानं, मधली दोन, शेवटची दोन. बेरीज कर." बक्कालने नावांवर एक कोरा कागद आडवा धरला, नुसते आकडे दिसतील असा, आणि कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली. रक्कम सांगितली. गृहस्थांनी नोटा मोजून ठेवल्या आणि एकच शब्द म्हणाले, "सिल." पुसून टाक. दाराकडे वळले तेव्हा बक्काल मागून म्हणाला, "अल्लाह काबुल एत्सिन." अल्लाह कबूल करो. मग त्याने ती सहा पानं फाडली.

मी अंडी न घेताच घरी आले.

शेजारच्या तेयझे (इथे मोठ्या वयाच्या बाईला तेयझे म्हणतात, आपल्या मावशीसारखं) आमच्याकडेच इफ्तारला होत्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "झिमेम देफ्तेरी. जुनी रीत आहे." ओटोमन काळात रमजानमध्ये पैसेवाली माणसं आपल्याला कोणी ओळखत नाही अशा मोहल्ल्यात जायची, दुकानदाराकडून वही मागायची आणि अनोळखी लोकांची बाकी फेडून निघून यायची. कोणाची फिटली ते देणाऱ्याला माहीत नाही, कोणी फेडली ते घेणाऱ्याला माहीत नाही. "आणि ऋणको दुकानात आला की?" मी विचारलं. "बक्काल सांगतो, तुझा हिशेब मिटला. त्याने विचारलं कोणी, तर बक्काल म्हणतो, मला काय ठाऊक."

त्या रात्री तरावीहमध्ये, रमजानच्या रात्रीच्या नमाजात, माझं लक्ष लागलं नाही.

कुराणातल्या सूरह बकरामधली ती आयत लहानपणापासून ऐकलेली: उघड दिलंत तर चांगलंच, पण झाकून गरिबाला दिलंत तर ते तुमच्यासाठी जास्त चांगलं. त्याच्या थोडं आधी आहे, की उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपला सदका, म्हणजे दान, वाया घालवू नका. मकतबमध्ये मौलवीसाहेबांनी सात जणांची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, शिकवली होती. कयामतच्या दिवशी दुसरी कुठलीच सावली नसेल तेव्हा अल्लाहच्या सावलीत जे सात असतील, त्यातला एक म्हणजे उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू न देणारा. माझी दादी हेच म्हणायची, "या हाताचं त्या हाताला कळू नये." ती ते हदीस म्हणून सांगायची की कोकणातली म्हण म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही. पण हे सगळं मी नेहमी देणाऱ्याच्या बाजूने वाचलं. झाकून दे, म्हणजे तुझ्या मनात गर्व शिरणार नाही. नावांवर आडवा धरलेला तो कागद बघितल्यावर पहिल्यांदा कळलं की ते झाकण घेणाऱ्यासाठीही आहे.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. २२ जुलै २०२१. चिपळूणकरांना या तारखेला काय झालं ते सांगावं लागत नाही. वाशिष्ठीच्या पुराचं पाणी आमच्या माळ्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन थांबलं होतं. चार दिवस आम्ही चिखल उपसत होतो, तेव्हा एक टेम्पो आला. तांदूळ, तेल, चादरी. मदत खरी होती आणि आमची गरजही खरी होती, यात दुमत नाही. पण पिशवी देताना मागे फलक धरला होता आणि एक मुलगा मोबाईल रोखून म्हणत होता, "चाचा, जरा इकडे बघा." अब्बांनी पिशवी छातीशी धरली, मान वर केली नाही. तो पुन्हा म्हणाला. मग अब्बांनी बघितलं.

तीन दिवसांनी तोच फोटो दोहाहून माझ्या चुलत्यांनी आम्हालाच पाठवला. खाली लिहिलं होतं, "भाईजान सुखरूप दिसले, जिवाला बरं वाटलं." फोटोतला हाच माणूस, माझे अब्बा, चाळीस वर्षं ईदच्या आदल्या रात्री फितऱ्याचा, म्हणजे ईदआधी गरिबांना द्यायच्या दानाचा, तांदूळ मोजून द्यायचा. माणशी चार ओंजळी, पाळण्यातल्या बाळाच्याही चार. दादी सांगायची, रोज्यात तोंडून काही वावगं गेलं असेल ते या तांदळाने धुऊन निघतं आणि ईदला कोणाची चूल थंड राहत नाही. अब्बा तो तांदूळ अंधार पडल्यावरच पोचवायचे. कोणाकडे, ते आईलाही माहीत नसायचं.

आता कोणी म्हणेल, इस्तंबूलमध्ये राहायला गेली आणि गावाला नावं ठेवायला लागली. तसं नाही. फोटोशिवाय पुढची देणगी येत नाही, देणाऱ्यांना हिशेब द्यावा लागतो, हे मला समजतं. आणि इथेही रमजान आला की मोठ्या मोठ्या फलकांवर कुठल्या तरी दूरच्या देशातल्या उपाशी मुलांचे चेहरे लागतात. उस्कुदारच्या चौकात उतरलं की समोरच तिसऱ्या अहमदचा संगमरवरी पाणपोई-कारंजा आहे, १७२८-२९ सालचा, त्यावरही सुलतानाचं नाव कोरलेलं आहेच. माणूस मेल्यावर त्याची सगळी कामं थांबतात, चालू राहणारा सदका, उपयोगी पडणारं ज्ञान आणि दुआ करणारी औलाद एवढंच मागे चालतं, अशी हदीस आहे. कारंजाचं पाणी पिणाऱ्याने दुआ द्यावी म्हणून नाव. देणाऱ्याचं नाव मला खटकत नाही. घेणाऱ्याचा चेहरा खटकतो.

रविवारी तेयझे मला दोआंजलार भागातला सदक्याचा दगड दाखवायला घेऊन गेल्या. उंच दगडी खांब, माथ्यावर खोलगट जागा. अंधारात येऊन लोक त्यात नाणी ठेवायचे आणि गरजवंत आपल्यापुरती उचलायचा. दोघांचाही हात वर जाणार, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला कळूच नये की हा ठेवतोय की उचलतोय. आता त्यात कोणी काही ठेवत नाही. पण आमच्या बेकरीत 'अस्कदा एकमेक'ची पाटी आहे. टांगलेली भाकर, म्हणजे दोन पावांचे पैसे द्यायचे, एक न्यायचा, दुसरा मागे ठेवायचा.

परतताना तेयझेंनी सहज विचारलं, "तुझ्या सोन्याची जकात काढलीस का?" जकात म्हणजे शिलकीतून दर वर्षी हकदारांसाठी काढायचा ठरलेला हिस्सा.

मी लगेच सांगितलं, आम्ही कोकणी मुसलमान शाफई, तुम्ही हनफी. आमच्या मजहबमध्ये, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरेत, बाईच्या अंगावरच्या, वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. फितराही तुम्ही रोख देता, आमच्यात तो धान्यातच द्यायचा, म्हणून मी चिपळूणला भावाकडून तांदूळ देववते. इमाम शाफईंपासून चालत आलेलं आहे, मी मनाने काढलेलं नाही. हे सगळं मी जरा जोरातच बोलले असणार. तेयझे म्हणाल्या, "बरोबर आहे. इथे आम्ही ८०.१८ ग्रॅम सोन्याचा निसाब धरतो, एवढंच." निसाब म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा. आपल्याकडे हनफी घरांत साडेसात तोळे म्हणतात, तेच थोड्या फरकाने.

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. मीच बोलत राहिले, मनातल्या मनात. वापरातले म्हणजे कुठले? हातातल्या दोन बांगड्या आणि गळ्यातली साखळी, हे वापरातलं. पण पाटल्या, हार आणि सासूबाईंचा कंबरपट्टा नऊ वर्षं चिपळूणला बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. वेळप्रसंगी उपयोगी पडतील म्हणून ठेवलेलं सोनं शाफई मजहबमध्येही जकातीतून सुटत नाही, हे मला माहीत होतं. मी स्वतःला सांगत आले की चुलत बहिणीच्या लग्नात घालणार आहे. लग्न होऊन तिला दोन मुलं झाली. दहा तोळ्यांना पाव तोळा. हिशेब एवढाच होता आणि तो मी नऊ वर्षं केला नव्हता.

तो केला. मागच्या वर्षांसकट. ती जकात रीतसर जमातीतल्या हकदारांना पोचली. कुराणात तिचे आठ हकदार ठरवून दिलेत आणि बहुतेक आलिमांच्या मते ती मुसलमान गरिबालाच देतात. उरलेले थोडे पैसे मात्र मी वेगळे ठेवले, सदका म्हणून. सदक्याला ते बंधन नाही. तिथे नाव वाचावं लागत नाही.

आणि मला आमच्या गल्लीतले वाणीकाका आठवले. पूर ओसरल्यावर अब्बा त्यांच्याकडे मागची बाकी विचारायला गेले होते. वाणीकाकांचं स्वतःचं दुकान छतापर्यंत बुडालेलं, साखरेचा पाक झालेला. म्हणाले, "वही भिजली चाचा. काही वाचता येत नाही. नव्याने सुरू करू." गल्लीत सगळ्यांना त्यांनी तेच सांगितलं. त्याच वर्षी दिवाळीत माझा भाऊ त्यांच्याकडे लक्ष्मीपूजनाला गेला, तेव्हा नव्या चोपडीखाली जुनी वही ठेवलेली होती. कोरडी. अक्षर न् अक्षर स्वच्छ. ऋणको अडचणीत असेल तर सवड द्या, आणि सोडून दिलंत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं, ही आयत वाणीकाकांनी ऐकलेली असण्याचं कारण नाही. उस्कुदारमध्ये डोळे भरून आले ते मला, पण आमच्या गल्लीत हे आधीच होऊन गेलं होतं आणि चार वर्षं मी त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

सत्ताविसाव्या रोज्याला भावाला पैसे पाठवले. पहिली दोन पानं, मधली दोन, शेवटची दोन, असं नीट समजावून सांगितलं. संध्याकाळी त्याचा दुकानातूनच फोन आला. "आपा, काका विचारतायत, जमा कोणाच्या नावे लिहू?"

"कोणाच्याच नाही."

फोन वाणीकाकांनी घेतला. "पोरी, लोकं विचारतील ना, बाकी कुठे गेली म्हणून. मी काय सांगू?"

"काका, पुराच्या वेळी काय सांगितलं होतं?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे तराजूत काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"बरं," ते म्हणाले. "भिजली म्हणून सांगतो."