गुण्यात नसलेली फ्रेम

ओहायोमधील एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी चेसिस आणि वेल्डिंगचे काम करतो. जुन्या मोटारींच्या बॉडीखाली नवी फ्रेम, नवे इंजिन, नवे ब्रेक बसवून त्या पुन्हा रस्त्यावर आणणे हा आमचा मुख्य व्यवसाय आहे. गेल्या नोव्हेंबरातील एका शनिवारी जे घडले, ते सविस्तर लिहून ठेवावे असे मला वाटते, कारण त्या दिवशी लोखंड कापायचा ग्राइंडर हातात घेतल्यानंतर तो पुन्हा खाली ठेवावा लागला होता.

काम होते १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए कूपेचे, म्हणजे दोन दारांच्या छोट्या गाडीचे. फोर्डने १९२७ च्या अखेरीपासून १९३१ पर्यंत सुमारे ४८ लाख मॉडेल ए गाड्या बनवल्या. इतक्या मोठ्या संख्येमुळेच अमेरिकेच्या शेतांवरील कोठारांत त्यांच्या बॉडी अजूनही सापडतात. आमचे ग्राहक निवृत्त स्कूलबसचालक आहेत. त्यांना ही बॉडी आजोबांच्या शेतावरून मिळाली होती. पत्रा बऱ्यापैकी शाबूत होता, परंतु खालची मूळ फ्रेम गंजून इतकी पातळ झाली होती की तिच्यावर आधुनिक इंजिनाचा भार टाकणे धोक्याचे ठरले असते. त्यांना हवी होती मडगार्ड नसलेली हॉट रॉड, म्हणजे जुन्या बॉडीत दमदार इंजिन बसवलेली गाडी, आणि बॉडी सोडून साऱ्या कामासाठी त्यांनी बाजूला काढलेली रक्कम होती आठ हजार डॉलर.

मडगार्ड काढून टाकण्याच्या या प्रथेमागे केवळ शोभेची हौस नाही. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण म्युरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर आपल्या गाड्या पळवत असत, आणि वजन व वाऱ्याचा अडथळा कमी करण्यासाठी मडगार्ड, दिवे, बंपर असे सारे उतरवून ठेवत असत. या शर्यतींना शिस्त लावणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ मध्ये स्थापन झाली. त्या मुलांकडे पैसा नव्हता. एका भंगार गाडीची बॉडी, दुसरीची फ्रेम आणि तिसरीचे इंजिन एकत्र करणे हीच त्यांची रीत होती. आज अशा गाडीसाठी १९३२ च्या फोर्डच्या नमुन्याची नवी फ्रेम घ्यायची म्हटले तर हजारो डॉलर मोजावे लागतात. त्यामुळे पिकअपची फ्रेम वापरणारा कमी बजेटचा माणूस मला त्या मूळ परंपरेच्या अधिक जवळचा वाटतो.

ज्याची फ्रेम आणि इतर भाग वापरायचे तो आम्ही निवडलेला दाता होता १९९१ चा शेव्हर्ले एस-१० पिकअप, नऊशे डॉलरला घेतलेला. त्याचे चाकांमधील अंतर १०८.३ इंच, तर मॉडेल ए चे १०३.५ इंच. मागची चाके बॉडीच्या कमानीखाली नेमकी आणली, तर उरलेले पावणेपाच इंच पुढे सरकतात. मडगार्डच नसल्याने पुढचे चाक थोडे पुढे गेले तरी कोणत्याही पत्र्याला अडत नाही, उलट गाडी लांब आणि देखणी दिसते. या ट्रकबरोबर ४.३ लिटरचे व्ही-६ इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, ब्रेक आणि वायरिंग असे सारे एकाच किमतीत मिळाले. ट्रकचा हौदा आणि दोन्ही दारे विकून साडेतीनशे डॉलर परतही आले. शिवाय ओहायोत अशी स्वतः जुळवलेली गाडी नोंदवताना राज्याच्या हायवे पेट्रोलकडून तिची तपासणी करून घ्यावी लागते आणि सुट्या भागांच्या पावत्या दाखवाव्या लागतात. बहुतेक भाग एकाच कागदोपत्री चोख असलेल्या ट्रकमधून आलेले असले म्हणजे ते कामही सोपे होते.

एकच अडचण होती. एस-१० चे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र प्रकारचे, म्हणजे जाडजूड आर्म आणि कॉइल स्प्रिंगचे आहे. ट्रकमध्ये ते पत्र्याखाली झाकलेले असते, पण मॉडेल ए च्या अरुंद रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना ते उघडे पडले की गाडीची सारी ठेवण बिघडते. म्हणून पुढचा भाग कापून तेथे दोन बाय चार इंचांचे चौकोनी पाइप जोडायचे, त्यांखाली चार इंच खाली वाकलेला आय-बीम ॲक्सल (इंग्रजी I च्या आकाराचा छेद असलेला अखंड पोलादी आस) आडव्या पाट्याच्या स्प्रिंगवर टांगायचा, आणि स्टिअरिंगचा दांडा आडवा असल्यामुळे ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड, म्हणजे फ्रेम व ॲक्सल यांना जोडणारा आडवा दांडा, लावायचा, असे ठरले होते. शनिवारी सकाळी फक्त कापण्याचे काम होते. पांढऱ्या खडूने रेघाही मारून झाल्या होत्या.

माझे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ट्रकच्या बॉडी बांधत असत. चेसिस आली की तिच्यावर लाकडाचा पहिला तुकडा ठेवण्यापूर्वी ते ओळंबा काढत, आणि "आधी कर्ण बघ" एवढेच मला सांगत. त्या सवयीमुळे मी कापण्याआधी फ्रेम चार स्टँडवर समपातळीत उचलून घेतली. दोन्ही बाजूंना सारख्या जागी असलेली कारखान्याची छिद्रे निवडून प्रत्येकातून ओळंबा सोडला आणि जमिनीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर फुल्या केल्या. मग फ्रेम बाजूला ढकलली, कारण अधांतरी मोजताना टेप कोठेतरी अडते आणि झोळ पडतो. जमिनीवरच्या फुल्या मात्र मोकळ्या असतात.

समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन कर्णांमध्ये पाऊण इंचाचा फरक आला.

मी पुन्हा मोजले. वर्कशॉपच्या मालकांना टेपचे दुसरे टोक धरायला बोलावले आणि तिसऱ्यांदा मोजले. फरक तोच होता. अशा फ्रेममध्ये दोन्ही कर्ण पाव इंचाच्याही आत, खरे तर आठव्या हिश्श्याच्या आसपास जुळले पाहिजेत. रुंदी सगळीकडे बरोबर, दोन्ही बाजू सुतासारख्या सरळ, आणि तरीही फ्रेम गुण्यात नव्हती, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नव्हते. म्हणजे कोणत्या तरी काळी ट्रकला उजव्या पुढच्या कोपऱ्यावर मार बसला होता, आणि उजवी बाजू जशीच्या तशी सुमारे १० मिलिमीटर मागे सरकली होती. आयताचा समांतरभुज चौकोन झाला होता. बारकाईने पाहिल्यावर एका आडपट्टीच्या रिव्हेटभोवती चंद्रकोरीसारखी गंजाची रेघ दिसली. तेथे रिव्हेट सैल होऊन पत्रा घसरलेला होता.

१० मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात, म्हणून त्यांचा परिणाम सांगतो. मागचा ॲक्सल दोन पाट्यांवर बसतो आणि त्या पाट्यांमध्ये सुमारे ४० इंचांचे अंतर असते. एक पाटा १० मिलिमीटर मागे असला तर ॲक्सल अर्ध्या अंशाहून थोडा अधिक तिरपा बसतो, आणि १०८ इंचांवरील पुढच्या चाकांपर्यंत पोहोचेपर्यंत ही चूक एक इंचाची होते. गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते आणि सरळ जाण्यासाठी स्टिअरिंग सतत किंचित वळवून धरावे लागते. ट्रकमध्ये पुढच्या चाकांची अलाइनमेंट जुळवून हे दडवता येते, आणि मडगार्डच्या छायेत चाक कोठे आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. येथे मात्र चारही चाके उघडी राहणार होती. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, नवा पुढचा भाग मी याच फ्रेमवरून मापे घेऊन जोडला असता, तर जुना दोष नव्या वेल्डिंगमध्ये कायमचा पक्का झाला असता.

ग्राहकांना बोलावणे भाग होते. ते तासाभरात आले. मी त्यांना फुल्या दाखवल्या आणि टेपचे एक टोक त्यांच्याच हातात दिले. त्यांनी दोन्ही आकडे स्वतः वाचले. आमचा दर तासाला ७५ डॉलर आहे आणि त्यांच्या आठ हजारांतील पैसा न् पैसा कोठे जाणार हे आधीच ठरलेले आहे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. दुसरी फ्रेम आणायची तर आधीचा खर्च आणि कागदपत्रे दोन्ही पुन्हा करावी लागली असती. बाहेरच्या गॅरेजमध्ये फ्रेम ओढून घेणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी मला विचारले, "ही तुमची गाडी असती तर तुम्ही काय केले असते?" मी म्हणालो, "फ्रेम सरळ केल्याशिवाय वेल्डिंगचा एक टाकाही मारला नसता." ते म्हणाले की त्यांनी ३१ वर्षे मुलांना बसमधून शाळेत सोडले आहे, आणि तिरपी चालणारी गाडी त्यांना रस्त्यावर आणायची नाही. रंगाचे काम पुढच्या वर्षावर ढकलायचे आणि ते पैसे येथे वापरायचे, असा निर्णय त्यांनी तिथल्या तिथे घेतला. त्या शांतपणे घेतलेल्या निर्णयाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

दुपारी कामाला लागलो. सैल झालेले रिव्हेट ड्रिल करून काढले, म्हणजे त्या आडपट्ट्यांना हलायला जागा झाली. मग आखूड कर्णाच्या दोन कोपऱ्यांमध्ये लांब पाइप जोडून १० टनांचा हायड्रॉलिक रॅम, म्हणजे तेलाच्या दाबाने ढकलणारा जॅक, बसवला. आखूड कर्ण दाबून लांबवला की लांब कर्ण आपोआप आखूड होतो. फ्रेम तापवायची नाही हे आधीच ठरवले होते, कारण तापवलेल्या जागी पोलाद मऊ पडते आणि पुढे ती जागाच दुबळी ठरते. थंड पोलाद मात्र मागे उसळते. पहिल्यांदा दोन्ही कर्ण समान होईपर्यंत दाबले, रॅम सोडला, आणि जवळजवळ अर्धा इंच फरक परत आला. दुसऱ्यांदा समान मापाच्या पलीकडे पाव इंच नेले, तिसऱ्यांदा अर्धा इंच. प्रत्येक वेळी रॅम पूर्ण सोडायचा, ओळंबे पुन्हा सोडायचे, नव्या फुल्या करायच्या आणि मगच मोजायचे. ग्राहक घरी गेले नाहीत. गुडघे दुखत असूनही ते टेपचे टोक धरून जमिनीवर बसले होते आणि दर वेळचा आकडा पुठ्ठ्यावर लिहीत होते.

चौथ्या दाबानंतर फरक एक इंचाच्या सोळाव्या हिश्श्याहून कमी राहिला. त्याच स्थितीत फ्रेम आवळून धरून रिव्हेटची छिद्रे रीमरने (छिद्र नेमके गोल करणाऱ्या हत्याराने) साफ केली, तेथे ग्रेड ८ चे, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट बसवले आणि आडपट्ट्यांच्या कोपऱ्यांत तिकोनी पट्ट्या वेल्ड केल्या. एका कोपऱ्यावर सलग टाका न मारता समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडा थोडा टाका मारत गेलो, कारण वेल्डिंगची उष्णताही फ्रेमला ओढते आणि सगळी मेहनत तासाभरात वाया घालवू शकते. काम संपले तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. मी रॅम काढला, पण त्या रात्री शेवटचे माप घेतले नाही. गरम पोलादाच्या मापावर विश्वास ठेवता येत नाही.

रविवारी सकाळी सात वाजता मी एकटाच गेलो. शेड रात्रभर थंड पडलेले होते. ओळंबे सोडले, फुल्या केल्या, दोन्ही कर्ण तीन तीन वेळा मोजले. फरक वाढलेला नव्हता. मी आकडे फोनवरून ग्राहकांना कळवले, शनिवारच्या खडूच्या रेघा पुसल्या, सरळ झालेल्या फ्रेमवरून नव्याने मापे घेऊन नव्या रेघा मारल्या, आणि ग्राइंडर सुरू केला.