विचारायचं कसं

11 ऑक्टोबर, रात्री

काल जागतिक मानसिक आरोग्य दिन झाला. 1992 पासून दरवर्षी 10 ऑक्टोबरला तो पाळतात आणि दरवर्षी फोनवर तेच संदेश फिरतात: मनात साठवू नका, मोकळेपणाने बोला. संदेश चांगल्या मनानेच पाठवलेले असतात. पण ज्याला सकाळी उठून दात घासणंही जड जातंय, त्याच्यावरच बोलायचं काम सोपवून आपण बाजूला होतो, हे मला पटत नाही. नैराश्यात विचार मंदावतात, शब्द सुचत नाहीत. ‘आपण घरच्यांना ओझं झालोय’ असं वाटणं हा तर त्या आजाराचाच भाग आहे. असा माणूस आपणहून तोंड उघडेल याची वाट बघत बसू नये. आधी आपण विचारायला हवं, आणि नीट विचारायला हवं.

‘कसं काय चाललंय?’ला आपल्याकडे एकच उत्तर असतं, ‘बरं चाललंय’. तिथेच विषय संपतो. ‘तुझं मन ठीक आहे ना?’ असं विचारलं तर समोरचा बिथरतो, ‘मला काय वेड लागलंय?’ म्हणतो. त्यापेक्षा शरीरापासून सुरुवात करावी. आपल्या घरांतून मनाचा त्रास बहुतेक वेळा तसाच सांगितला जातो: अंगात त्राण नाही, डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय, जेवणावर वासना नाही.

झोपेचंच बघा. ‘दादा, झोप लागते का?’ या प्रश्नाला ‘लागते की’ असं उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं. पुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे: ‘पहाटे जाग येते का?’ ‘येते. तीनला येते.’ ‘मग?’ ‘मग कुठली लागतेय. पडून राहतो छताकडे बघत.’ नेहमीपेक्षा दोनेक तास आधी जाग येणं, पुन्हा डोळा न लागणं आणि सकाळचे तास सगळ्यात वाईट जाणं ही नैराश्याची ओळखीची खूण आहे. झोपेनंतर भुकेचं विचारावं, कपडे सैल झालेत का ते बघावं. मग आवडीच्या गोष्टीकडे यावं: क्रिकेटची मॅच बघितलीस का, भजनाला गेलीस का, नातवाशी खेळावंसं वाटतं का. दुःखी माणसालाही नातू आला की घटकाभर बरं वाटतं. नैराश्यात तेही वाटत नाही. हे सगळं दिवसातला बराच वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे चालू असेल तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. नैराश्य तपासायला डॉक्टर नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-9’ प्रश्नावली वापरतात, तीही मागच्या दोन आठवड्यांचंच विचारते.

बाळंतिणीच्या बाबतीत हे दोन आठवडे घरातल्या बायकांनी नक्की लक्षात ठेवावेत. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, चिडचिड होते. ते पुष्कळ जणींना होतं आणि बहुधा दोन आठवड्यांच्या आत निवळतं. त्यानंतरही रडू थांबत नसेल, बाळ झोपलं असतानाही तिला झोप येत नसेल, ‘मला बाळाचं काही नीट जमत नाही’ हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर सव्वा महिना होऊ दे मग बघू, असं करू नये. आणि भलतंसलतं बोलायला लागली, संशय घ्यायला लागली, कुणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. त्यात तिच्या आणि बाळाच्याही जिवाला धोका असतो.

विचारायची जागाही बघावी लागते. जेवणाच्या पानावर, चारचौघांत, पाहुण्यांसमोर विचारू नये. शेजारी शेजारी बसून हाताला काहीतरी काम असलं, म्हणजे भाजी निवडताना, शेताच्या बांधावरून चालताना, तर बोलणं सोपं जातं, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही. अर्धा तास तरी हाताशी असावा. ‘असं का वाटतं तुला?’ हा प्रश्न टाळावा; त्याला कारण द्यावं लागतं, आणि कारण सापडत नाही म्हणून तो आणखी खचतो. ‘कधीपासून?’, ‘दिवसातून कुठल्या वेळी जास्त?’ हे प्रश्न चालतात. प्रश्न विचारला की गप्प बसायचं, मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. आपली सगळ्यात मोठी चूक इथे होते. ती शांतता सोसवत नाही आणि आपण सल्ला सुरू करतो: टेन्शन घेऊ नकोस, मन घट्ट कर, तुझ्याहून वाईट दिवस काढलेत लोकांनी. ‘अगं, नवरा चांगला, मुलं चांगली, तुला कमी काय आहे?’ हे तर अजिबात नको. काही कमी नसताना असं होतंय याचीच तिला लाज वाटत असते. त्यावर आपण मीठ चोळतो. त्यापेक्षा तिचेच शब्द तिला परत द्यावेत: ‘म्हणजे सकाळी उठूच नये असं वाटतं.’ एवढ्यावर पुढचं बोलणं येतं.

आता ज्या प्रश्नाला सगळे घाबरतात तो. ‘एवढा त्रास होतोय, तर जगणं नको, संपवून टाकावं असं मनात येतं का?’ हे असंच, सरळ विचारायचं. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, आपल्याशी कुणीतरी याबद्दल बोलू शकतं या जाणिवेने बऱ्याच जणांना हायसं वाटतं. ‘तू असा काही वेडेपणा करणार नाहीस ना?’ असं मात्र विचारू नये. त्याचं उत्तर ‘नाही’च येणार, कारण आपल्याला तेच ऐकायचंय हे त्याला कळतं. ‘हो’ म्हणाला तर ओरडायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, कुणाला सांगणार नाही असं वचन द्यायचं नाही. कसं करायचं हे ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, दिवस ठरवलाय का, हे विचारायचं. ठरवलेलं असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावं. पोलिसांच्या भीतीने लोक लपवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

घरातली औषधं आणि फवारणीचं औषध यांवर मी जरा जास्त लिहिते, कारण याने जीव वाचतात. मरावं असं वाटण्याचा तीव्र झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात साधन हाताशी आहे की नाही, यावर खूप काही ठरतं. श्रीलंकेने 1995 पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आपल्या घरांत माळ्यावर, पलंगाखाली उरलेल्या बाटल्या पडून असतात. लागेल तेवढंच आणावं. उरलं तर घराबाहेर कुलपाच्या पेटीत ठेवावं, किल्ली दुसऱ्याकडे द्यावी, आणि घरात कुणी खचलेलं असेल तर पेटीच शेजाऱ्याकडे न्यावी. गोळ्यांचंही तसंच: पाकीट दुसऱ्याने सांभाळावं, एका वेळी थोड्याच गोळ्या हाती द्याव्यात.

डॉक्टरांकडे गेल्यावर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासून घ्यावं; यांत बिघाड असला तरी थकवा आणि उदासी येते, आणि शाकाहारी घरांत बी-12 कमी असणं नवीन नाही. नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या की पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा आधी येतो आणि गुण मागाहून, साधारण दोन ते सहा आठवड्यांत. पुष्कळ लोक गोळ्या सोडतात ते याच मधल्या दिवसांत. म्हणून हे आधीच सांगून ठेवावं. दुसऱ्यांदा सोडतात ते बरं वाटल्यावर. बरं वाटू लागल्यावरही किमान सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात, आणि थांबवायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू कमी करत. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः तरुण मुलांवर, जास्त लक्ष ठेवावं. देवदर्शन, नवस यांना आडकाठी करून भांडण ओढवू नये. देवळात जावं आणि गोळीही घ्यावी.

गोळ्यांशिवायचं कामही मोलाचं आहे. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांकडून समुपदेशन करून घेतलं: आठवड्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास, सहा ते आठ भेटी. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याने जास्त गुण आला. त्यातली मुख्य रीत घरीही वापरता येते. बरं वाटेल तेव्हा उठेन, असं न म्हणता आधी उठायचं, मन मागून येतं. पण पायरी अगदी लहान हवी. ‘रोज पाच किलोमीटर चाल’ हे दुसऱ्या दिवशी मोडतं आणि अपराधी वाटतं ते वेगळंच. ‘उद्या अंघोळ करून दहा मिनिटं अंगणात बसू, मी येते साडेसातला’ हे जमतं. वेळ ठरलेली आणि कुणीतरी सोबतीला, या दोन गोष्टी सोडू नयेत. नाही जमलं तर पायरी अर्धी करायची, माणसाला बोल लावायचा नाही.

आणि विचारणाऱ्यालाच काही सुचेनासं झालं, तर 14416 हा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा सरकारी नंबर आहे. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाला, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्रास होणाऱ्यानेच फोन करायला हवा असं नाही. भावाने, सुनेने, शेजारणीने केला तरी चालतो. ‘आमच्या घरी असं असं चाललंय, मी पुढे काय करू?’ असं विचारायचं.